मालवण बंदरावरचं काकींचं हॉटेल: पहाटेचे घावणे, चहा आणि रविवारपासून मरिनर्सचे प्लेऑफ

मालवणात पहाटे साडेपाचला उघडणारं, बिडावरचे गरमागरम घावणे देणारं आणि वर टीव्हीवर अमेरिकेतलं बेसबॉल लावू देणारं हॉटेल मला तरी एकच माहितीये, आणि त्याचा रिव्ह्यू आत्ताच लिहायचं कारण म्हणजे येत्या रविवारी सकाळपासून माझ्या सिएटल मरिनर्स टीमचे प्लेऑफ (सीझननंतरच्या बाद फेऱ्या) सुरू होतायत, आणि या वर्षी, २०२५ ला, ते वर्ल्ड सिरीजपर्यंत म्हणजे फायनलपर्यंत जाणार असं मला मनापासून वाटतंय. आसपास कोणी बेसबॉल बघणारं असेल, किंवा नुसतंच चांगल्या नाश्त्याच्या शोधात असेल, दोघांनीही वाचा.

हॉटेलला पाटी नाही. किल्ल्याच्या होड्या सुटतात त्या जेटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कोणालाही 'काकींचं हॉटेल' विचारा, हात करून दाखवतील. कौलारू घर, बाहेर पडवीत दोन बाक, आत सहा टेबलं, भिंतीवर ग्रामदेवतेचा फोटो आणि त्याच्या बाजूला टीव्ही. काकी स्वतः चुलीवर, मुलगा गल्ल्यावर आणि चहावर, नातू कॉलेजला जायच्या आधी टीव्ही आणि वायफाय बघतो. पहिली गिऱ्हाईकं म्हणजे रात्रीची मासेमारी करून आलेले खलाशी, रिक्षावाले, लिलावाला आलेल्या मासळीवाल्या बायका. टुरिस्ट आठनंतर येतात.

आधी खाण्याचं सांगतो. घावणे मागवा, दुसरा विचार करू नका. घरच्या भाताचं पीठ, ताकाइतकं पातळ, त्यात फक्त मीठ. बिडाचा तवा चांगला तापला की काकी नारळाची शेंडी तेलात बुडवून त्यावर फिरवतात आणि वाटीने पीठ कडेकडून सुरुवात करून आत सोडत येतात, चर्र आवाज होतो आणि तिथल्या तिथे जाळी पडते, मग झाकण. झाकण काढल्यावर कडा आपोआप सुटलेल्या असतात, उलथन्याला काही कामच उरत नाही. बरोबर ओल्या खोबऱ्याची चटणी, हिरवी मिरची आणि आल्याची, पाट्यावर वाटलेली. प्लेट ५० रुपये, तीन घावणे. आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं ६० ला मिळतं, ते वाटप इतकं सुंदर भाजलेलं असतं की वाटी पुसून खाल्ली जाते. बटाटावडा ठीक आहे, मालवणात याहून चांगला मिळतो. चहा १२ रुपये, आलं भरपूर, साखर सांगितल्याशिवाय कमी होत नाही. गोड खाणाऱ्यांनी रविवारी रस-शिरवळ्या विचारा, असतीलच असं नाही पण असल्या तर सोडू नका.

आता बेसबॉल इथे आलं कसं ते. मी बोटीवर असतो, कंटेनर शिपवर, इंजिन साईडला. बऱ्याच वर्षांपूर्वी आमची बोट सिएटलला लागली होती आणि तिथलं स्टेडियम बंदराच्या इतकं जवळ आहे की कामावरून सुटलेला माणूस चालत जाऊ शकतो, म्हणून आम्ही काही जण गेलो. मला नियम कळत नव्हते, पण राईट फिल्डला, म्हणजे मैदानात लांब उजवीकडे, मरिनर्सचा जपानी खेळाडू इचिरो उभा होता आणि त्याने तिथून पार समोरच्या बाजूला थर्ड बेसला फेकलेला बॉल मी बघितला, कुठेही न टेकता सरळ ग्लव्हमध्ये, आणि आजूबाजूचे हजारो लोक एकदम उठले. त्या स्टेडियमचं छप्पर सरकतं, पाऊस आला की वर येतं पण बाजू उघड्याच राहतात, त्यामुळे आत बसूनही वारा लागतो आणि शेजारून जाणाऱ्या रेल्वेचा भोंगा ऐकू येतो. बंदरावर वाढलेल्या माणसाला ती जागा आवडणारच. त्या दिवसापासून मी मरिनर्सचा.

घरी आलो की टोपी डोक्यावर असायची. टोपीवर होकायंत्राचं चित्र आहे, आणि काकींकडे चहाला बसलेल्या एका म्हाताऱ्या तांडेलाने ते बरोबर ओळखलं, हे कोणाचं, कुठल्या बोटीचं म्हणून विचारायला लागला. मी टीम म्हणून सांगितलं, मग मोबाईलवर दाखवलं, मग नातवाने मोबाईलवरून टीव्हीवर टाकून दिलं आणि तेव्हापासून मी सुट्टीवर असलो की सकाळी बातम्यांच्या जागी बेसबॉल. काकींनी एकदाही चॅनल बदला म्हणून सांगितलं नाही. ही या हॉटेलची सर्व्हिस, आणि ती मेन्यूत लिहिलेली नाही.

वेळ कसा जमतो ते लक्षात घ्या. सिएटलमध्ये संध्याकाळी पावणेसातच्या आसपास सुरू झालेली मॅच आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला सुरू होते. म्हणजे तिथे लोक ऑफिस संपवून स्टेडियममध्ये शिरतायत आणि इथे आपण पहिला घावणा तोडतोय. २०२३ पासून पिच क्लॉक आलंय, म्हणजे बॉल टाकायला वेळेची मर्यादा, बेसवर (धावताना थांबायच्या टप्प्यांवर) समोरच्या टीमचं कोणी नसेल तर पिचरला, म्हणजे बॉलरला, १५ सेकंदांत बॉल टाकावा लागतो, कोणी असेल तर १८ सेकंदांत, त्यामुळे पूर्वी तीन तासांच्या वर रेंगाळणारी मॅच आता साधारण अडीच-पावणेतीन तासांत उरकते आणि दहा वाजता कामावर जाणारा माणूस सुद्धा जवळपास पूर्ण बघू शकतो. इनिंग बदलताना जो ब्रेक असतो त्यात काकींचा मुलगा बरोबर ऑर्डर घ्यायला येतो. मॅच चालू असताना टेबलामध्ये येऊन उभा राहत नाही. त्याला स्वतःला खेळ आवडायला लागलाय हे त्याचं खरं कारण आहे.

मरिनर्सचं दुःख माहीत नसेल तर थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय या वर्षीचा आनंद कळणार नाही. टीम १९७७ पासून आहे. मेजर लीगमध्ये ३० टीम आहेत आणि त्यातली वर्ल्ड सिरीज एकदाही न खेळलेली टीम एकच, ती आमची. १९९५ ला एडगर मार्टिनेझने न्यूयॉर्कच्या यांकीजविरुद्ध अकराव्या इनिंगमध्ये (मॅच नऊ इनिंगची, बरोबरी असली तर पुढे चालते) डबल, म्हणजे दोन बेसचा फटका मारला आणि ग्रिफी पहिल्या बेसपासून धावत होम बेसला येऊन जिंकायचा रन काढला, ते आजही तिथे डोळ्यांत पाणी आणून सांगतात. २००१ मध्ये ११६ मॅच जिंकल्या, १९०६ च्या शिकागो कब्ज टीमच्या रेकॉर्डशी बरोबरी, आणि तरी यांकीजकडून हरून वर्ल्ड सिरीजच्या आधीच बाहेर. मग २१ वर्षं प्लेऑफच नाही. फेलिक्स हर्नांडेझसारखा पिचर, २०१२ ला परफेक्ट गेम (समोरच्या एकालाही बेसवर न पोचू देता अख्खी मॅच) टाकलेला, पंधरा सीझन याच टीमकडून खेळला आणि त्याच्या वाट्याला प्लेऑफची एक मॅच आली नाही. याचं मला कुठल्याही हरण्यापेक्षा जास्त वाईट वाटतं.

२०२२ ला शेवटी पोचलो, तेव्हा मी सुट्टीवर इथेच होतो. ह्यूस्टन ॲस्ट्रोजविरुद्धची तिसरी मॅच आपल्याकडे रात्री दीडनंतर सुरू झाली, मी घरी अंथरुणात मोबाईलवर बघत होतो, नऊ इनिंग झाल्या, शून्य-शून्य, दहा झाल्या, बारा झाल्या, बाहेर उजाडायला लागलं तसा मी मोबाईल हातात धरूनच काकींकडे आलो, टीव्हीवर टाकली, लिलावाची माणसं येऊन बसली, कोणाला नीट कळत नव्हतं तरी कोणी उठेना, आणि अठराव्या इनिंगमध्ये त्यांच्या पेन्याने होमरन (बेसबॉलचा सिक्सरच) मारला, १-०, आम्ही बाहेर. सकाळचे आठ वाजले होते. सहा तासांपेक्षा जास्त चाललेली मॅच. काकींनी काही न विचारता समोर घावण्याची प्लेट आणून ठेवली आणि म्हणाल्या, "रडा नको रे झिला, आधी खा. पुढच्या वर्षी जिंकतले." पैसे घेतले नाहीत. कुठल्या हॉटेलला पाच स्टार द्यायचे ते मी त्या दिवशीच ठरवलं होतं.

आता हे वर्ष. कॅल राली, आमचा कॅचर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कॅचर म्हणजे विकेटकीपरच, फक्त हा प्रत्येक बॉलला उकिडवा बसतो, रोज सव्वाशे-दीडशे वेळा, अंगावर सगळं चिलखत घालून, आणि पिचरने काय टाकायचं त्याचं अर्धं डोकंही त्याचंच. असं काम करणाऱ्या माणसाने या सीझनला ६० होमरन मारले. ६०! याआधी कॅचरचं सीझनमधलं रेकॉर्ड ४८ होतं, साल्वाडोर पेरेझचं, २०२१ चं. दोन्ही हातांनी बॅटिंग करणाऱ्यात मिकी मँटलचं १९६१ चं ५४ चं रेकॉर्ड होतं, तेही गेलं. ग्रिफीचं क्लबचं ५६ चं गेलं. मेजर लीगच्या सगळ्या इतिहासात सीझनला ६० च्या घरात पोचलेली माणसं एकूण सात, त्यात हा. काकींचा त्याच्याबद्दल एकच प्रश्न असतो, "बसान बसान ढोपरा दुकनत नाय काय रे तेची?" आणि खरं सांगायचं तर तोच बरोबर प्रश्न आहे.

२५ सप्टेंबरची सकाळ, नवरात्र चालू, समोर कोलोराडो रॉकीज. पहिल्याच इनिंगमध्ये रालीने ५९ वा मारला. हॉटेलात नेहमीची गर्दी. जिंकलो तर २००१ नंतर पहिल्यांदा डिव्हिजन, म्हणजे आमच्या गटातलं पहिलं स्थान, आमचं होणार होतं. आठव्या इनिंगमध्ये तो परत आला आणि ६० वा मारला, बॉल राईट फिल्डच्या स्टँडमध्ये, आणि इथे पडवीतले दोन खलाशी बाकावर उभे राहिले. मॅच ९-२ ने जिंकली, डिव्हिजन आमचं. काकींनी देवाला दाखवलेला शिरा केळीच्या पानावर घालून सगळ्या टेबलांना दिला, त्यात केरळवरून आलेली एक फॅमिली होती, त्यांना काय चाललंय काही कळलं नाही पण शिरा आवडला.

मी इतका ठाम का आहे ते सांगतो. एक तर आम्हाला पहिला राऊंड खेळायचाच नाहीये, अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन भागांतला आमचा भाग) दुसरं सीडिंग मिळाल्यामुळे बाय आहे, पिचरना विश्रांती मिळाली, रोटेशन, म्हणजे पिचर उतरवायचा क्रम, हवं तसं लावता येतं. समोर टायगर्स येतात की गार्डियन्स ते अजून ठरायचंय, पण कोणीही आलं तरी ते दमून येणार. पाचपैकी तीन मॅच जिंकायच्या, पहिल्या दोन आणि लागली तर पाचवी आमच्या घरी. दुसरं म्हणजे ही टीम एकट्या रालीची नाही. हूलिओ रॉड्रिगेजने ३० च्या वर होमरन आणि ३० स्टील (फटका नसताना पळून पुढचा बेस चोरणं) असं दोन्ही केलंय, सेंटर फिल्डला त्याच्यासारखा दुसरा नाही. जुलैत ॲरिझोनाकडून जॉश नेलर आणला, पळायला लीगमधल्या सगळ्यात हळू लोकांत मोजतात त्याला, आणि तरी आमच्याकडे आल्यापासून १९ बेस चोरले आणि एकदाही पकडला गेला नाही. ते नुसतं डोकं आहे. पिचर किती हळू हलतो, कुठल्या काउंटला त्याचं लक्ष कुठे असतं, सगळं तो बघून ठेवतो. नेलर पहिल्या बेसवर असला की टीव्हीवर पिचरकडे बघू नका, नेलरकडे बघा, हा माझा सल्ला. आमचा जुना बॅटर सुआरेझही त्याच वेळी परत आला, तो आल्यापासून बॅट थंड आहे हे मान्य, पण सीझनचे ४९ होमरन ज्याच्या नावावर आहेत त्याला मी तरी बाहेर बसवणार नाही, एकच बरोबर बसला तरी सिरीज फिरवेल.

पिचिंग तर आमची खरी ताकद. गिल्बर्ट, कर्बी, कास्टियो, आणि शेवटी मॅच बंद करायला मुनोझ. काळजी एकच, ब्रायन वू. सीझनभर सगळ्यात भरवशाचा तोच, आणि ह्यूस्टनला छातीचा स्नायू दुखला म्हणून बाहेर आला. तो परत कधी येणार यावर खूप काही आहे. पण ह्यूस्टनची ती सिरीज आठवा, ॲस्ट्रोज, ज्यांनी इतकी वर्षं आम्हाला डोकं वर काढू दिलं नाही, त्यांच्या घरी जाऊन तिन्ही मॅच जिंकलो. शेवटच्या तीन मॅच डॉजर्सकडून हरलो म्हणून काही लोक परत जुन्या सुरात बोलायला लागलेत, पण तेव्हा सगळं ठरून गेलं होतं, माणसांना विश्रांती द्यायची होती, त्यावरून काही ठरत नाही. मॅनेजर डॅन विल्सन स्वतः या टीमचा जुना कॅचर आहे, ९५ च्या त्या टीममध्ये होता, त्याला आणि एडगरला डगआउटमध्ये बाजूबाजूला बघितलं की मला बरं वाटतं.

आणि एक गोष्ट. सप्टेंबरच्या सुरुवातीला टीम गडबडलेली होती, तेव्हा तिकडच्या एका फॅनने ऑनलाईन पैसे भरून एका चेटकिणीकडून टीमसाठी मंत्र घालून घेतला, आणि त्यानंतर लागोपाठ दहा मॅच जिंकल्या. हे मी काकींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की मग आपणही घालूया, आणि दुसऱ्या दिवशी चूल पेटवायच्या आधी त्या फोटोसमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, बा देवा म्हाराजा, ह्या लांबच्या पोरांका यश दी, राखण कर, तेंच्या हातापायाक दुखापत होवा नको, आणि आम्ही चहावर बसलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणालो. मी ते मनापासून म्हणालो. वूच्या छातीचं नाव काकींनी वेगळं घेतलं, मी सांगितलं नव्हतं, नातवाने सांगितलं असणार.

आता तक्रारी, कारण रिव्ह्यू आहे. गाडी लावायला जागा नाही, बंदरावर पार्क करून चालत या, आणि दिवाळीच्या सुट्टीत तर चारचाकी आणूच नका. घावणे नऊ-साडेनऊला संपतात, संपले म्हणजे संपले, काकी परत पीठ भिजवत नाहीत. बाथरूम मागे परसात आहे, स्वच्छ असतं पण पावसात भिजत जावं लागतं. ऑक्टोबरचा उकाडा सुरू झालाय आणि आत पंखे दोनच, टीव्हीसमोरचं टेबल पंख्याखाली येत नाही. लाईट जाते, अधूनमधून जातेच, पण इन्व्हर्टर आहे आणि त्यावर टीव्ही आणि वायफाय दोन्ही चालतं, पंखे चालत नाहीत. नेट कधी अडकतं, एकदा बेस भरलेल्या असताना चित्र गोल फिरत बसलं होतं, नातवाने स्वतःच्या मोबाईलचं हॉटस्पॉट लावून दिलं आणि बॉल सुटायच्या आत परत आलं. ॲपचं सबस्क्रिप्शन माझं आहे, त्यामुळे मी नसताना बेसबॉल लागणार नाही, नुसत्या नाश्त्याला कधीही जा. दुपारची थाळी पण असते, बांगडा, सुरमई, सोलकढी, सोलकढी विशेष चांगली, ताजा नारळ काढून केलेली कळते, बाकी थाळी नेहमीची.

स्वभावाचं सांगायचं तर, कोणी एकटा माणूस तीन तास एका टेबलावर बसला तरी इथे कोणी बिल आणून ठेवत नाही. मासळीवाल्या बायकांना चहाचे पैसे लिलाव झाल्यावर द्यायची मुभा आहे. आणि हरलेल्या दिवशी कोणी चिडवत नाही. मी बऱ्याच देशांतल्या बारमध्ये बसून मॅच बघितल्यात, मोठमोठे स्क्रीन, भरपूर आवाज, पण प्रत्येक पिचला आपल्याबरोबर श्वास धरून बसणारी अनोळखी माणसं मला इथेच मिळाली.

बोटीचा कॉल या महिन्याच्या अखेरीला येऊ शकतो. वर्ल्ड सिरीज महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होते. मी कंपनीला आधीच सांगून ठेवलंय की जमलं तर नोव्हेंबर द्या, आणि ते मी टीम हरेल असं धरून सांगितलेलं नाही.

रविवारी येणार असाल तर सहाच्या आत या, मॅच सकाळीच आहे आणि टीव्हीसमोरची दोन टेबलं लवकर जातात. ऑनलाईन पेमेंट चालतं, पण सकाळी रेंज नसते तेव्हा सुटे पैसे ठेवा. घावणे तिसऱ्या इनिंगच्या आधी सांगून टाका, नंतर काकी पण टीव्ही बघायला बाहेर येतात. नियम माहीत नसले तरी चालेल, माझ्या बाजूला बसा, मी सांगेन. पाचपैकी पाच स्टार.